प्रॅक्टिस सुटते साडेसहाला, मेस उघडते साडेआठला

शनिवारी सकाळी साडेनऊच्या आत आलेला फोन मी सहसा उचलत नाही. आठवडाभर सपोर्टच्या कॉल्सनी इतकं छळलेलं असतं की विकांताला रिंगटोनचाच राग येतो. पण भाचीचा फोन उचलावा लागतो. नाही उचलला तर ती आजीला लावते, मग आजी मला लावते, आणि तो फोन पाऊण तास चालतो.

"मामा, तीन हजार देशील?"

"कशाला?"

"प्रोटीन पावडर घ्यायचीय. टीममधल्या तिघी घेतात. प्रॅक्टिस झाल्यावर अर्ध्या तासात प्रोटीन पोटात गेलं नाही ना, तर सगळी मेहनत वाया जाते. विंडो असते ती."

विंडो! आमच्याकडे डिप्लॉयमेंटची विंडो असते, रात्री एक ते तीन. ती हुकली तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबावं लागतं. शरीराचीही तशीच असते हे मला नवीन होतं.

तर ही भाची पुण्यात सेकंड इयरला आहे, हॉस्टेलवर राहते आणि कॉलेजच्या टीममधून खो-खो खेळते. खेळत आधीपासूनच होती, पण जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला, दोघांचेही कर्णधार महाराष्ट्रातले, तेव्हापासून ती हवेतच आहे. मीही इंजिनीअरिंगला असताना खेळायचो. त्यामुळे या घरात तिचं दुखणं ऐकायला मीच लायक समजला जातो. (पुढे जे काही लिहिलंय ते तिला विचारून लिहिलंय. "नाव घालू नकोस" एवढीच अट होती.)

पैसे देणार होतोच. पण सवयीने म्हटलं, आधी लॉग दाखव. काल काय काय खाल्लंस, वेळेसकट सांग.

आता हा लॉग बघा. पहाटे साडेपाचला उठून चहा आणि दोन बिस्किटं. सहा ते साडेसात फिटनेस, म्हणजे पळणं आणि जिने. आठला लेक्चर. मध्ये काही नाही, कारण हॉस्टेलचा नाश्ता साडेसात ते आठ असतो आणि तेव्हा ती आंघोळीच्या रांगेत असते. पावणेअकराला कॅन्टीनमध्ये पोहे. एक वाजता मेसमध्ये तीन पोळ्या, भाजी, वरण, भात. साडेचार ते साडेसहा ग्राउंडवर प्रॅक्टिस. मग गेटबाहेर चहा आणि खारी. साडेआठला मेस उघडली की दोन पोळ्या, उसळ, भात. झोप.

मी वहीत आकडे मांडले. एका पोळीत तीनेक ग्रॅम प्रोटीन. मेसच्या वरणाच्या वाटीत चार धरले, म्हणजे मी उदारच झालो, त्या वाटीचा तळ स्वच्छ दिसतो. पोह्यांच्या प्लेटमध्ये पाच. सगळं मिळून पंचेचाळीसच्या आसपास आलं. तिचं वजन बावन्न किलो. खेळाडूंच्या आहारावर काम करणाऱ्या मंडळींचं साधारण एकमत असं, की नियमित व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज १.४ ते २ ग्रॅम प्रोटीन लागतं. कमीत कमी धरलं तरी पोरीला रोज त्र्याहत्तर ग्रॅम हवेत. म्हणजे जवळजवळ तीस ग्रॅमचा खड्डा आहे. पावडरीच्या एका चमच्यात चोवीस-पंचवीस असतात.

थोडक्यात, बाईसाहेबांचं दुखणं खरं होतं. मी लेक्चर द्यायच्या तयारीत होतो, ते जरा आवरतं घ्यावं लागलं.

पण ती अर्धा तासाची विंडो काही गळी उतरेना. म्हणून रविवारची दुपार तिच्यामागे घालवली. हे प्रकरण गाजलं २००४ च्या सुमाराला. जॉन आयव्ही आणि रॉबर्ट पोर्टमन या दोघांचं खाण्याच्या वेळेवरचं पुस्तक आलं आणि व्यायामानंतरची पाऊण तासाची ती सोन्याची वेळ जगभरच्या जिममध्ये पोचली. आपल्याकडच्या ट्रेनर लोकांनी त्यातली पंधरा मिनिटं कधी कापली देव जाणे. पुढे २०१३ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड, अ‍ॅलन अ‍ॅरागॉन आणि जेम्स क्रीगर यांनी तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून पुन्हा मोजले. वरवर बघता व्यायामाच्या आगेमागे लगेच प्रोटीन घेणाऱ्यांचे स्नायू थोडे जास्त वाढलेले दिसत होते. मात्र हे लोक दिवसभरात एकूणच जास्त प्रोटीन खात होते. तो फरक हिशेबात धरल्यावर वेळेचा फायदा उरला नाही. स्नायू व्यायामानंतर कितीतरी तास प्रोटीन वापरायला तयार असतात, दुसऱ्या दिवसापर्यंतसुद्धा. एकतिसाव्या मिनिटाला कोणी शटर ओढत नाही.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. "वेळ महत्त्वाची नाही, दिवसभराची बेरीज महत्त्वाची" असं तिला कळवून मोकळा झालो असतो. पण मला २००४ ची एक दुपार आठवली.

आमची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती, गाव सांगत नाही. उपांत्यपूर्व सामना सकाळी नऊला, तो जिंकलो. उपांत्य दुपारी एकला. आमचे सर म्हणजे देवमाणूस, स्वतःच्या स्कूटरवरून टीमचं सामान आणणारे. पण त्यांचं एक ठाम मत होतं की भरल्या पोटी पळता येत नाही. त्यामुळे दोन सामन्यांच्या मधल्या तीन तासांत आम्हाला काय मिळालं, तर तळहातावर चमचाभर ग्लुकोजची पावडर आणि लिंबाची फोड. शेजारच्या तंबूत दुसरा संघ डबे उघडून दहीभात खात बसला होता आणि आम्ही त्यांना हसत होतो. म्हटलं, आता हे काय पळणार.

उपांत्य सामन्याच्या दुसऱ्या डावात मला खो मिळाला तेव्हा पळणारा गडी माझ्यापासून हातभर लांब होता. सूर मारला की संपलं, असा सूर मी सकाळी दोनदा मारला होता. दुपारी मारला तेव्हा पाय जमिनीवरून सुटलेच नाहीत. तोंडावर पडलो. एका गुणाने हरलो. आम्ही हरलो त्याला इतरही कारणं होती, त्यांचा एक पोरगा हरणासारखा होता हे मान्य करायला पाहिजे. पण ते पाय माझे नव्हते, हे मला आज वीस वर्षांनीही आठवतं.

त्या पायांचं उत्तर जॉन आयव्हींच्याच १९८८ च्या एका प्रयोगात सापडलं. पळताना स्नायू जे इंधन जाळतात ते बरंचसं ग्लायकोजेन असतं, म्हणजे साखरेचा साठा. आयव्हींनी सायकलपटूंना सत्तर मिनिटं सायकल मारायला लावली, मग एकदा लगेच साखरेचं पेय दिलं आणि दुसऱ्या वेळी दोन तासांनी. उशिरा मिळालं तेव्हा त्यांच्या स्नायूंत साठा भरण्याचा वेग जवळपास निम्म्यावर आला. आता गंमत अशी की पुरेसं खाल्लं तर चोवीस तासांत हा फरक पुसला जातो, हेही नंतर दिसलं आहे. म्हणजे पुढचा व्यायाम उद्या संध्याकाळी असेल तर आत्ता खा नाहीतर दोन तासांनी खा, फारसं बिघडत नाही. पण पुढचा सामना चार तासांवर असेल तर सगळं तिथेच ठरतं.

म्हणजे विंडो असते. पण ती पावडरीची नसून दहीभाताची असते, आणि उघडी किती वेळ हे घड्याळ न बघता पुढचा सामना कधी आहे ते बघून ठरवायचं. अशा वेळी पहिले काही तास दर तासाला, वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं घ्यावीत असं सांगतात. भाचीच्या हिशेबात तासाला मोठी दोन केळी. सोबत थोडं मीठ-साखरेचं पाणी. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड यांनी तिथल्या फुटबॉलवाल्या पोरांसाठी गेटोरेड बनवलं, त्यात मुळात पाणी, साखर, मीठ आणि लिंबूच होतं. आपण त्याला सरबत म्हणतो आणि पाहुण्यांना देतो, खेळाडूंना नाही.

आता भाचीचा लॉग पुन्हा बघा. रात्री साडेआठच्या जेवणानंतर पहाटे सहाला फिटनेस आहे. मधे साडेनऊ तास, त्यातले सहा-सात झोपेत. सकाळच्या व्यायामानंतर सव्वातीन तास पोटात काही नाही. संध्याकाळच्या प्रॅक्टिसनंतर दोन तास चहा आणि खारी. दिवसातून दोनदा अंग मोडून घ्यायचं आणि दोन्ही वेळा नेमकं त्यानंतर उपाशी राहायचं. हे कोणी मुद्दाम ठरवलेलं नाही. ग्राउंडचं टाइमटेबल एकाने केलं, मेसचं दुसऱ्याने, लेक्चरचं तिसऱ्याने, आणि तिघे एकमेकांशी कधी बोलले नाहीत. आमच्या क्षेत्रात याला इंटिग्रेशनचा बग म्हणतात. प्रत्येक जण म्हणतो, माझ्या मशिनवर चालतंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की कॉलेजच्या खेळाडूने व्यायामानंतर काय खावं हा प्रश्न आपण उगाच पोरांच्या गळ्यात मारलाय. पावडर घेऊ का, अंडी खाऊ का, कुठला ब्रँड. पोरं आपापल्या परीने उत्तर शोधतात आणि ते तीन हजारांच्या डब्यात सापडल्यासारखं वाटतं, कारण डबा खोलीत ठेवता येतो आणि त्याला रेक्टरची परवानगी लागत नाही. मेस साडेसहाला उघडणं त्यांच्या हातात नाही.

हे फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. अमेरिकेत कॉलेजचे खेळ म्हणजे अब्जावधी डॉलरचा कारभार. तरी तिथे एनसीएए या संस्थेच्या नियमांत एके काळी अशी तरतूद होती की जेवणाव्यतिरिक्त खेळाडूला खाऊ म्हणून बेगल दिला तर चालेल, पण त्यावर क्रीम चीज लावलं तर ते जेवण ठरेल आणि नियमभंग होईल. मी हे दोनदा वाचलं. एप्रिल २०१४ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या संघाचा मुख्य खेळाडू शबाझ नेपिअर पत्रकारांना सांगून गेला की काही रात्री आपण उपाशी झोपतो. नियम बदलायची चर्चा आधीपासून होती, पण त्याच महिन्यात निर्णय झाला आणि पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांना खेळाडूंना हवं तेवढं जेवण आणि खाऊ द्यायची मुभा मिळाली. म्हणजे तिथेसुद्धा विजेत्याने टीव्हीसमोर भूक बोलून दाखवावी लागली. आमच्या भाचीची टीम विद्यापीठात अजून तिसऱ्या नंबरच्या वर गेलेली नाही, तिला कोण विचारतंय!

पावडरीबद्दल चार शब्द, कारण प्रतिक्रिया तिथेच येणार. व्हे प्रोटीन हे विष नाही, दुधातूनच निघतं आणि ते स्नायूंना चांगलं लागू पडतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं सरसकट म्हटलंय. मला ते खेळाडूंच्या बाबतीत जरा जास्तच सरसकट वाटतं. माझी भीती वेगळी आहे. त्याच वर्षी भारतात मिळणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळजवळ ७० टक्क्यांच्या डब्यांवर लिहिलेली प्रोटीनची माहिती चुकीची निघाली, सुमारे १४ टक्क्यांत बुरशीचं विष सापडलं. शिवाय डब्यातून काही भलतंच पोटात गेलं आणि उत्तेजक चाचणीत सापडलं, तर जबाबदारी खेळाडूची. "दुकानदाराने दिलं" हे तिथे चालत नाही.

आणि किंमत. तीन हजारांच्या किलोत तेहतीस-चौतीस चमचे, म्हणजे चमचा नव्वद रुपयांना. गेटबाहेरच्या भुर्जीच्या गाडीवर दोन उकडलेली अंडी, पेलाभर दूध आणि मूठभर फुटाणे घेतले तर साधारण तेवढंच प्रोटीन साठेक रुपयांत मिळतं. (मेस शाकाहारी आहे, खोलीत इंडक्शन ठेवलं तर दंड. म्हणून गाडी.) अंडी न खाणाऱ्यांना सोयाबीनच्या वड्या आहेत, शंभर ग्रॅममध्ये पन्नासच्या वर प्रोटीन, दिसायला आणि चवीला थर्माकोल, पण आमटीत खपून जातात.

इथपर्यंत सगळं गणित होतं. मग बायको म्हणाली, "तिला माझ्याशी बोलू दे."

त्या दोघी अर्धा तास बोलल्या. मी बाहेर गॅलरीत. नंतर कळलं की पोरगी दोन महिने कायम दमलेली असते, जिना चढताना धाप लागते, आणि तीन महिने पाळी आलेली नाही. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. टीममध्ये म्हणे असं बऱ्याच जणींचं होतं, त्यामुळे ते नॉर्मलच असतं असा समज. सीनियर मुली तर म्हणायच्या, बरंय की, कटकट गेली.

ते नॉर्मल नसतं. खर्च जास्त आणि खाणं कमी असं महिनोन्‌महिने चाललं की शरीर काटकसरीला लागतं आणि सगळ्यात आधी पाळीवर कात्री चालवतं. त्यामागून हाडं ठिसूळ होतात, पायात बारीक फ्रॅक्चर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला मिळून एक नाव दिलं, खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता. अवघड नाव आहे. साध्या भाषेत, उपासमार. पाळी थांबण्याची इतरही कारणं असतात म्हणून सोमवारी डॉक्टर गाठल्या. हिमोग्लोबिन ९.२ निघालं, बाईला किमान १२ हवं. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अशक्त रक्ताच्या निघाल्या होत्या, खो-खो खेळणारी पोरगी त्यात असणारच.

आणि मी रविवारभर प्रोटीनचे ग्रॅम मोजत बसलो होतो. त्या पावडरीत लोह जवळजवळ नसतंच. ती पोरगी दमली होती, टीममधल्या कोणीतरी तिला दमण्यावरचा उपाय सांगितला होता, आणि मामा त्या उपायाच्या किमतीवर चर्चा करत होता. असो.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, महिनाभर जोराची प्रॅक्टिस बंद केली आणि दोन गोष्टी बजावल्या. एक, जेवणाला आणि गोळीला चिकटून चहा नको. चहा लोह शोषू देत नाही. उलट लिंबू पिळलं तर डाळी-उसळींतलं लोह जास्त लागू होतं. दुसरी, खाणं वाढव. प्रोटीन नाही म्हणाल्या त्या, खाणं म्हणाल्या.

मग मी तिच्याबरोबर मेसच्या काकांना भेटायला गेलो. काका सरळ माणूस. म्हणाले, साडेसहाला पंधरा ताटं लावणं काही जड नाही साहेब, पोळ्या तर सहापासून लाटायला घेतोच, पण रेक्टर मॅडमचा कागद पाहिजे. रेक्टर मॅडम म्हणाल्या की आज खो-खोवाल्यांना दिलं तर उद्या नाटकवाले येतील. नाटकवाल्यांनाही द्या की, असं माझ्या तोंडावर आलं होतं. भाचीने पायावर पाय दिला म्हणून गप्प बसलो. शेवटी टीमने अर्ज केला, पंधरा सह्या. दोन ओळींची मागणी: संध्याकाळी पावणेसात ते सव्वासात आणि सकाळी पावणेआठ ते सव्वाआठ खेळाडूंना ताट मिळावं, आणि आठच्या लेक्चरला पंधरा मिनिटं उशीर माफ असावा. "विचार करू" असं उत्तर आलंय.

तीन हजार मी दिले. पोरींनी त्याची पावडर आणली नाही. टीमच्या किटबॅगेत एक स्टीलचा डबा ठेवलाय, त्यात फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ, आणि रोज गेटवरून केळी. प्रॅक्टिस सुटली की आधी डबा फिरतो, मग बूट काढायचे. भाची सध्या खेळत नाही, हिशेब ठेवते. पंधराजणी, माणशी वीस रुपये, म्हणजे रोजचे तीनशे. दहा दिवसांचे पैसे आहेत, आज नववा दिवस.